युद्धखेळ आणि आंतरराष्ट्रीय संबंधांचे संशोधन : ‘लाल किला’ सराव (१९६०) आणि शिरवळची लढाई (१६४८)

प्रस्तावना

इतिहास आणि आंतरराष्ट्रीय संबंध या दोन्ही विषयांच्या अभ्यासकापुढे एक समान अडचण उभी असते. दप्तरात टिकून राहतात ते प्रामुख्याने घेतलेल्या निर्णयांचे कागद. जे पर्याय नाकारले गेले, ज्यांची केवळ तोंडी चर्चा झाली किंवा जे कोणाला सुचलेच नाहीत, त्यांची नोंद क्वचितच सापडते. शिवाय घडून गेलेले युद्ध पुन्हा घडवून, एखादी परिस्थिती बदलून, त्याचा परिणाम तपासता येत नाही. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत जे शक्य आहे ते राज्यांच्या परस्परसंबंधांत शक्य नाही. ही उणीव अंशतः भरून काढण्यासाठी गेल्या सत्तर वर्षांत ज्या पद्धती पुढे आल्या, त्यांपैकी युद्धखेळ ही एक महत्त्वाची पद्धती होय.

युद्धखेळाचा विचार मराठी अभ्यासविश्वात फारसा झालेला नाही. वस्तुतः या विषयाचे एक महत्त्वाचे भारतीय उदाहरण एका मराठी सेनानीच्या नावाशी जोडलेले आहे. लेफ्टनंट जनरल शं. पां. पा. थोरात यांनी मार्च १९६० मध्ये लखनौ येथे घेतलेला ‘लाल किला’ हा सराव म्हणजे ते उदाहरण. प्रस्तुत लेखात प्रथम या पद्धतीचे स्वरूप व विकास, त्यानंतर ‘लाल किला’ सरावाचे मूल्यमापन आणि शेवटी शिरवळ परिसरातील १६४८ च्या संघर्षाच्या आधारे महाविद्यालयीन संशोधनात या पद्धतीचा कितपत उपयोग होऊ शकेल, याचा विचार केला आहे. युद्धखेळाचे मोल त्याने वर्तविलेल्या भाकितात नसून त्याने उघड केलेल्या गृहीतकांत असते, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

पद्धतीचे स्वरूप

युद्धखेळ म्हणजे प्रत्यक्ष सैन्य न हलविता, नकाशावर किंवा पटावर, परस्परविरोधी पक्षांच्या भूमिका घेतलेल्या व्यक्तींनी ठरावीक नियमांच्या चौकटीत निर्णय घेत जाणे. त्यात तीन घटक आवश्यक असतात. एक, निर्णय घेणारी जिवंत माणसे. दोन, एका पक्षाच्या निर्णयाचा दुसऱ्या पक्षाच्या परिस्थितीवर होणारा परिणाम. आणि तीन, त्या परिणामाचा निवाडा करणारा पंच. केवळ संगणकावर आकडेमोड करून काढलेला निष्कर्ष पहिल्या घटकाअभावी युद्धखेळ ठरत नाही. प्रश्नावली देऊन मिळविलेली मतेही युद्धखेळ ठरत नाहीत; कारण प्रश्नावली भरणाऱ्याला आपल्या उत्तराचा परिणाम भोगावा लागत नाही. बुद्धिबळाशी या खेळाचे नाते जवळचे असले तरी बुद्धिबळात दोन्ही बाजूंना संपूर्ण पट दिसतो. युद्धखेळात मात्र प्रतिपक्षाचे बळ व हेतू यांविषयीचे अज्ञान हाच खेळाचा गाभा असतो.

आधुनिक युद्धखेळाचा उगम प्रशियात झाला. १८१२ मध्ये थोरल्या राईसविट्झ यांनी राजासमोर असा पट सादर केला. १८२४ मध्ये त्यांच्या सैन्याधिकारी पुत्राने नकाशा, सोंगट्या, फासे आणि पंच यांच्या साहाय्याने खेळावयाचे नियम प्रसिद्ध केले. प्रशियाचे सेनाप्रमुख म्युफलिंग यांनी हा खेळ पाहून त्याची सैन्यासाठी शिफारस केली. अमेरिकेत १८८४ मध्ये न्यूपोर्ट येथे स्थापन झालेल्या नौदल युद्ध महाविद्यालयात त्या दशकातच युद्धखेळ सुरू झाले आणि पुढे ते तेथील शिक्षणाचा नियमित भाग बनले.

या टप्प्यापर्यंत युद्धखेळ हे लष्करी शिक्षणाचे साधन होते. ते आंतरराष्ट्रीय संबंधांच्या संशोधनाचे साधन बनले दुसऱ्या महायुद्धानंतर. अमेरिकेतील रँड या संस्थेत हर्बर्ट गोल्डहॅमर आणि हान्स स्पायर यांनी १९५० च्या दशकाच्या मध्यास राजकीय खेळ घेतले. त्यांत सेनापतींऐवजी शासने हे खेळाडू होते आणि तोफांच्या माऱ्याऐवजी राजनैतिक चाली हा खेळाचा विषय होता. या अनुभवाचा आढावा त्यांनी १९५९ मध्ये ‘वर्ल्ड पॉलिटिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्याच सुमारास नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात हॅरोल्ड गेट्झकाऊ यांनी काल्पनिक राष्ट्रांच्या परस्परव्यवहारांचे प्रयोग विद्यार्थ्यांकरवी सुरू केले. अलीकडे या परंपरेला पुन्हा उजाळा मिळाला आहे. रीड पॉली यांनी २०१८ मध्ये शीतयुद्धकालीन अमेरिकी युद्धखेळांच्या गोपनीयतेतून मुक्त झालेल्या कागदपत्रांचा अभ्यास करून अण्वस्त्रवापराबाबत वरिष्ठ अधिकारी किती संयमाने वागले, हे तपासले. एरिक लिन-ग्रीनबर्ग, पॉली व जॅकलिन श्नायडर यांनी २०२२ मध्ये ‘युरोपियन जर्नल ऑफ इंटरनॅशनल रिलेशन्स’मध्ये युद्धखेळाचा संशोधनपद्धती म्हणून स्वतंत्र विचार मांडला.

‘लाल किला’ : पार्श्वभूमी आणि स्वरूप

शंकरराव पांडुरंग पाटील थोरात यांचा जन्म १९०६ मध्ये कोल्हापूर परिसरातील वडगाव येथे झाला. सँडहर्स्ट येथे शिक्षण घेऊन ते सैन्यात अधिकारी झाले. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशातील कांगाव येथील लढाईत त्यांनी पलटणीचे नेतृत्व केले. १९५३-५४ मध्ये कोरियातील युद्धकैद्यांच्या देखरेखीसाठी पाठविलेल्या भारतीय दलाचे ते प्रमुख होते. मायदेशी परतण्यास तयार नसलेले चिनी व उत्तर कोरियन असे सुमारे २२ हजार कैदी या दलाच्या ताब्यात होते. त्यामुळे चिनी सैनिक आणि चिनी शासनाचे प्रतिनिधी यांच्याशी प्रत्यक्ष संबंध आलेल्या मोजक्या भारतीय सेनाधिकाऱ्यांत थोरातांची गणना करावी लागते. पुढे ते पूर्व विभागाचे प्रमुख सेनापती झाले. या विभागाचे मुख्यालय त्या वेळी लखनौ येथे होते.

२५ ऑगस्ट १९५९ रोजी लोंगजू येथे भारतीय व चिनी तुकड्यांत चकमक झाली. त्यानंतर ८ ऑक्टोबर १९५९ रोजी थोरातांनी तत्कालीन नेफा, म्हणजे आजचा अरुणाचल प्रदेश, या भागाच्या संरक्षणाविषयीचे आपले टिपण लष्करी मुख्यालयाकडे पाठविले. त्यातील मूळ विचार असा होता की, मॅकमोहन रेषा ही राष्ट्राची सीमा असली तरी ती संरक्षणाची रेषा होऊ शकत नाही. सीमेवर लहान ठाणी असावीत, त्यांनी शत्रूच्या हालचालीची सूचना द्यावी व त्याचा वेग कमी करावा. मुख्य लढाई मात्र बोमदिलासारख्या मागील बळकट जागी द्यावी. शत्रू जसजसा पुढे येईल तसतशी त्याची रसद लांबत जाईल आणि आपली जवळ येईल, हे त्यामागील गणित होते. सरसेनापती जनरल थिमय्या यांनी हे टिपण संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन यांच्यापर्यंत नेले. परंतु ते स्वीकारले गेले नाही.

नोव्हेंबर १९५९ मध्ये नेफाच्या सीमेची जबाबदारी सैन्याकडे आली. त्यानंतर मार्च १९६० मध्ये थोरातांनी लखनौ येथे ‘लाल किला’ हा सराव घेतला. लष्करी मुख्यालयातील वरिष्ठ अधिकारी त्यास उपस्थित होते. टिपणात मांडलेला विचार येथे नकाशावर कसास लावला गेला. उपलब्ध सैन्य, रस्त्यांचा अभाव आणि रसदीची स्थिती पाहता चीनने निर्धाराने हल्ला केल्यास नेफाचे संरक्षण करता येणार नाही, असा या सरावाचा निष्कर्ष होता. थोरात व थिमय्या हे दोघेही मे १९६१ मध्ये निवृत्त झाले.

त्यानंतरच्या घटनाक्रमात नेमकी उलट दिशा दिसते. नोव्हेंबर १९६१ पासून सीमेलगत पुढे जाऊन ठाणी उभारण्याचे धोरण स्वीकारले गेले. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने नामका चू खोऱ्यात हल्ला केला. काही दिवसांतच तवांग गेले. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन होत होते, त्याच सुमारास से ला व बोमदिला येथील संरक्षणफळी कोसळत होती. २१ नोव्हेंबरपासून चीनने एकतर्फी युद्धबंदी लागू केली.

सरावाचे मूल्यमापन

‘लाल किला’ची हकीकत बहुधा ‘भाकीत खरे ठरले’ अशा स्वरूपात सांगितली जाते. या मांडणीत दोन अडचणी आहेत.

पहिली अडचण साधनांची आहे. या सरावाविषयीची आपली माहिती मुख्यतः थोरातांच्या १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फ्रॉम रेव्हेली टू रिट्रीट’ या इंग्रजी आत्मचरित्रावर आधारलेली आहे. युद्धानंतर दोन तपांनी प्रसिद्ध झालेले आणि ज्याचे मत डावलले गेले त्याच सेनानीने लिहिलेले हे साधन आहे. थोरातांच्या सचोटीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तथापि कोणत्या खेळाडूने कोणती चाल केली, चीनची भूमिका कोणी वठविली, पंचाने कोणत्या मुद्द्यावर कोणाच्या बाजूने निवाडा दिला, या तपशिलांवाचून युद्धखेळाची शास्त्रीय तपासणी पूर्ण होत नाही. युद्धातील अपयशाची चौकशी करणाऱ्या हेंडरसन ब्रुक्स-भगत समितीचा अहवालदेखील शासनाने अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही; २०१४ मध्ये नेव्हिल मॅक्सवेल यांनी त्याचा काही भाग उघड केला, एवढेच.

दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. ‘लाल किला’ने ज्या प्रश्नाचे उत्तर दिले तो प्रश्न होता : चीनने हल्ला केल्यास काय होईल? दिल्लीतील धोरण मात्र वेगळ्याच गृहीतकावर उभे होते. ते म्हणजे, चीन मोठा हल्ला करणारच नाही. पुढे सरकणाऱ्या ठाण्यांवर चीन मोठ्या प्रमाणावर बळाचा वापर करणार नाही, हा अंदाज त्या धोरणाचा पाया होता. साहजिकच सेनापतीचा निष्कर्ष अचूक असूनही धोरणकर्त्याच्या दृष्टीने तो अप्रस्तुत ठरत होता. जे घडणारच नाही असे मानले आहे, ते घडल्यास काय होईल हे ऐकून मत बदलण्याचे कारण उरत नाही. या गृहीतकाची परीक्षा करावयाची तर खेळाची रचनाच निराळी हवी होती. पेकिंगच्या बाजूने निर्णय घेणारा, तिबेटमधील स्थिती, मॉस्कोशी बिघडत चाललेले संबंध आणि भारताची नवी ठाणी यांचा एकत्रित विचार करणारा खेळाडू त्यात लागला असता. दिल्लीच्या बाजूने परराष्ट्र खाते व मंत्री यांच्या भूमिका लागल्या असत्या. म्हणजेच लष्करी युद्धखेळाऐवजी गोल्डहॅमर व स्पायर यांनी विकसित केलेला राजकीय खेळ आवश्यक होता.

या विवेचनाला यशवंतराव चव्हाण यांच्या संसदेतील निवेदनाने पुष्टी मिळते. तत्कालीन सातारा जिल्ह्यातील व आजच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथे जन्मलेले चव्हाण नोव्हेंबर १९६२ मध्ये संरक्षणमंत्री झाले. २ सप्टेंबर १९६३ रोजी चौकशीच्या निष्कर्षांविषयी निवेदन करताना त्यांनी दोन गोष्टी स्पष्ट केल्या. सैन्याचे मूलभूत शिक्षण चांगले असले तरी ते चीनशी होऊ शकणाऱ्या युद्धाच्या दृष्टीने दिले गेले नव्हते आणि चिनी युद्धपद्धतीची पुरेशी जाण सैन्याला नव्हती. तसेच सैन्य कितीही मोठे व सुसज्ज असले तरी त्याला शासनाकडून धोरणात्मक मार्गदर्शन मिळणे आवश्यक असते. पूर्व विभागाच्या मुख्यालयात १९६० मध्येच ज्या धोक्याचा सविस्तर विचार झाला होता, त्याची जाण १९६२ मध्ये सैन्याच्या शिक्षणात उतरलेली नव्हती, असा याचा अर्थ होतो. ज्ञान निर्माण झाले होते; त्याचे वहन झाले नाही.

धोरणकर्ते स्वतः खेळात बसले असते तर हे टळले असते काय? याचे सरळ होकारार्थी उत्तर देता येत नाही. अमेरिकेत १९६४ मध्ये व्हिएतनामविषयी ‘सिग्मा’ नावाचे युद्धखेळ झाले व त्यांत अत्युच्च पदांवरील अधिकारी सहभागी होते. उत्तर व्हिएतनामवरील बॉम्बवर्षावाने त्या देशाचा निर्धार मोडणार नाही, असे त्यांतून सूचित झाले. तरीही १९६५ मध्ये बॉम्बवर्षावाची मोहीम सुरू झाली. जपानी नौदलाने मे १९४२ मध्ये मिडवे मोहिमेपूर्वी केलेल्या पटावरील सरावात पंचांनी जपानी विमानवाहू जहाजांच्या हानीचा दिलेला निवाडा वरिष्ठ अधिकाऱ्याने कमी करविला, ही घटनाही सर्वपरिचित आहे. पटावर सोंगटी पुन्हा उभी करता आली. पुढच्याच महिन्यात समुद्रात चार विमानवाहू जहाजे बुडाली. यावरून असे म्हणता येईल की, योग्य प्रश्न आणि योग्य खेळाडू यांच्या जोडीला पंचाचे स्वातंत्र्य आणि निष्कर्षाची खुली चिकित्सा या गोष्टीही तितक्याच आवश्यक आहेत.

शिरवळ, १६४८ : एक संभाव्य अभ्यासविषय

महाविद्यालयीन संशोधकाला गोपनीय लष्करी कागद उपलब्ध होणे कठीण आहे. तथापि या पद्धतीचा अभ्यास करण्यासाठी आधुनिक युद्धच हवे असे नाही. नीरा नदीच्या काठी वसलेले शिरवळ आणि तेथील सुभानमंगळ हा भुईकोट यांचा १६४८ चा इतिहास या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे.

त्या वर्षी २५ जुलै रोजी शहाजीराजांना जिंजीच्या छावणीत कैद करण्यात आले. विजापूर दरबाराने फत्तेखानाला शिवाजीराजांवर आणि फरादखानाला बंगळूर येथे संभाजीराजांवर पाठविले. फत्तेखानाने बेलसर येथे तळ दिला. त्याच्या वतीने बाळाजी हैबतरावाने शिरवळचा भुईकोट घेतला. शिवाजीराजे पुरंदरावर होते. त्यांनी पाठविलेल्या तुकडीने, जिच्यात कावजी मल्हार प्रमुख होते, शिरवळ परत घेतले. पुढे पुरंदरच्या चढावर झालेल्या लढाईत मुसेखान मारला गेला व फत्तेखानाने माघार घेतली. कवींद्र परमानंदांच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यात या प्रसंगांचे विस्तृत वर्णन आहे.

वरवर पाहता ही दोन पक्षांची लढाई दिसते. प्रत्यक्षात तो अनेक सत्तांमधील राजकीय पेच होता. विजापूरच्या हाती शहाजीराजांच्या रूपाने ओलीस होते. प्रत्येक लष्करी यश पित्याच्या जिवावर बेतू शकत होते. दक्षिणेचा मोगल सुभेदार शहजादा मुरादबक्ष याच्याशी शिवाजीराजांनी पत्रव्यवहार केला. पुरंदर किल्ला नीळकंठरावांच्या घराण्याकडे होता आणि मावळातील देशमुखांची निष्ठा ही गृहीत धरण्याजोगी बाब नव्हती. १६४९ मध्ये शहाजीराजांची सुटका झाली व कोंढाणा विजापूरला परत द्यावा लागला. ही सुटका मोगलांच्या दडपणाने झाली की विजापूर दरबारातील सरदारांच्या मध्यस्थीने, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत.

इतिहास, राज्यशास्त्र व भूगोल विभागांनी एकत्र येऊन हा पेच युद्धखेळाच्या रूपात मांडता येईल. विजापूर दरबार, फत्तेखान, शिवाजीराजे, कैदेतील शहाजीराजे, मुरादबक्ष आणि देशमुख अशा सहा भूमिका, प्रत्येकाला केवळ त्याच्यापुरती माहिती, बातमी पोहोचण्यास लागणारा काळ आणि पावसाळ्यानंतरची नीरेची स्थिती ही त्याची चौकट होईल. जिंजीहून निघालेली बातमी पुण्याच्या परिसरात पोहोचण्यास लागणारा काळ खेळात मोजावा लागला, म्हणजे फत्तेखानाशी लढण्याचा निर्णय कोणत्या माहितीच्या आधारे झाला असेल, हा प्रश्न आपोआप पुढे येतो. शिरवळवर आधी चालून जाणे हा एकमेव मार्ग होता की बेलसरच्या तळावर थेट हल्ला हाही पर्याय होता, याचाही विचार करावा लागतो.

मात्र येथे एक मर्यादा काटेकोरपणे पाळली पाहिजे. अशा खेळाचा निकाल हे ऐतिहासिक साधन नव्हे. आजच्या विद्यार्थ्याला शेवट ठाऊक असतो. सतराव्या शतकातील स्वामिनिष्ठा, वतन व पितृभक्ती यांच्या कल्पना त्याच्या अंगवळणी पडलेल्या नसतात. खेळातून मिळतात ते प्रश्न. उत्तरांसाठी पुन्हा शकावली, पत्रे आणि महजर यांकडेच वळावे लागते. एकदाच खेळून निष्कर्ष काढणे तर सर्वथा चुकीचे ठरेल. अमेरिकेतील सीएसआयएस या संस्थेने तैवानविषयीच्या आपल्या २०२३ च्या अहवालासाठी एकच खेळ २४ वेळा घेतला, तो याच कारणासाठी.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, युद्धखेळ ही भविष्यकथनाची विद्या नसून निर्णयामागील गृहीतके उघड करण्याची पद्धती आहे. दुसरा, ‘लाल किला’ सरावाने लष्करी प्रश्नाचे उत्तर दिले. परंतु ज्या राजकीय गृहीतकावर देशाचे धोरण उभे होते त्याची परीक्षा त्याच्या कक्षेबाहेर राहिली. १९६२ च्या अपयशाची चर्चा केवळ ‘सेनापतीचे ऐकले नाही’ एवढ्यावर थांबवणे म्हणूनच अपुरे आहे. तिसरा, खेळाची तपशीलवार नोंद आणि ती अभ्यासकांना कालांतराने उपलब्ध होणे यांवर या पद्धतीचे शास्त्रीय मूल्य अवलंबून असते. अमेरिकेतील १९६० च्या दशकातील खेळांवर आज संशोधन होऊ शकते, कारण त्यांचे कागद जपले गेले व खुले झाले. लखनौच्या सरावाविषयी मात्र एका आत्मचरित्रावर विसंबावे लागते. नोंदीअभावी अनुभवाची आख्यायिका होते, आणि आख्यायिकेतून अभिमान मिळतो, धडा मिळत नाही. चौथा, स्थानिक इतिहासातील शिरवळसारखे प्रसंग या पद्धतीच्या अध्यापनासाठी उपयुक्त ठरू शकतात. अट एवढीच की प्रत्येक चालीची लेखी नोंद ठेवली जावी आणि खेळ संपल्यावर अभ्यासक पुन्हा मूळ कागदांकडे परतावा.